दोन वह्यांवर एक शिक्का

इंदिरानगरात आमच्या भिंतीला भिंत लावून गेणू खैरनार राहतात. वय अडुसष्ट, गाव नामपूर, चौतीस वर्षं नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी विभागात. एवढं कॉलनीत कुणीही सांगेल. पुढचं मलाच सांगावं लागेल, कारण ते माझ्यामुळे घडलं. आठ महिने मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी चहा पीत राहिले, लंकाकाकूंनी दिलेलं कैरीचं लोणचं खात राहिले आणि मूग गिळून गप्प बसले.

काकांना कॉलनीतले लोक वचकून असतात, म्हणजे खरं तर कंटाळतात. दुधाची पिशवी आली की तारीख वाचणार. गॅसचा सिलिंडर आला की सील पाहणार, मग वॉशर पाहणार, मग आणणाऱ्यालाच विचारणार की तू पाहिलं का. पाण्याची टाकी धुतली की बॅटरी घेऊन शिडीवरून वर चढणार आणि आत डोकावल्याशिवाय खाली उतरणार नाहीत. एकदा टाकी धुणारा वैतागून म्हणाला, "काका, झाली की स्वच्छ." काका म्हणाले, "तू झाली म्हणतो ते बराबर हाय. पण मी अजून पाहिली नाय."

मी स्वभावाने नेमकी उलटी. दूध वर येण्याआधीच गॅस बंद करून 'उकळलं' म्हणणारी. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि तिथे माझी ख्याती अशी की, योगिनीला काम द्या, झटकन होतं. झटकन होतं हे खरं आहे. मागून कुणीतरी निस्तरत बसतं, हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

विमान कारखान्यात प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा शिक्का असतो. बोटाच्या पेराएवढा गोल, आत क्रमांक. काकांचा क्रमांक दोनशे सतरा. सुटा भाग तयार झाला की त्याच्याबरोबरच्या कागदावर दोन रकाने असायचे, एक 'करणारा' आणि एक 'तपासणारा'. आपण केलेलं काम आपण तपासायचं नाही, आणि दुसऱ्याने केलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. हे दोन नियम काकांनी मला इतक्या वेळा सांगितलेत की मला झोपेतही म्हणता येतील. "पायलटला आपलं नाव ठाऊक नसतं," ते म्हणायचे. "पण तो आपल्या शिक्क्याच्या भरवशावर वर जातो. खाली त्याची बायकापोरं असतात." निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शिक्का जमा केला. त्या दिवशी घरी येईपर्यंत उजवा हात खिशातच होता, का ते कळलं नाही, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

आमची ओळख लॉकडाउनमध्ये झाली. माझं इंटरनेट गेलं होतं, मीटिंग चालू होती आणि मी गॅलरीत उभी राहून कुणाला तरी फोनवर शिव्या देत होते. काका कुंपणापलीकडून म्हणाले, "तुझी वायर निळ्या पट्टीची. खांबापाशी उंदरानं खाल्ली हाय." कॉलनीतल्या प्रत्येक वायरीला त्यांनी रंगीत पट्टी लावून ठेवली होती, कुणी सांगितलं नसताना. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जायला लागले. माझ्या रिकाम्या वेळात मी तेव्हा एका छोट्या आभासी चलनाच्या नादी लागले होते. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसेल.

काकांना मी ते असं समजावलं होतं. जगभर मिळून एकच वही असते आणि तिची प्रत शेकडो मशीनवर असते. कुणी कुणाला नाणी दिली ते तिच्यात लिहितात. दर काही सेकंदांनी नवं पान. त्या पानावर साठ साक्षीदारांची मशीनं आपापला शिक्का मारतात, आणि तो शिक्का कुणाला खोटा बनवता येत नाही. साक्षीदार व्हायचं तर स्वतःची थोडी नाणी अनामत ठेवायची. ज्यांचा तुमच्यावर भरवसा, ते त्यांची नाणी तुमच्या शिक्क्यामागे ठेवतात.

दुसरा कुणी असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, यातून मिळतं किती. काकांनी विचारलं, "एकाच नंबरच्या दोन वेगळ्या पानांवर एकानंच शिक्का मारला तर?"

"तर तो साक्षीदार कायमचा बाद. अनामत कापतात. त्याच्यामागे ज्यांनी नाणी ठेवली त्यांचीही कापतात."

काका खूश झाले. "मग हे काम चांगलं हाय," म्हणाले.

असे गेणू खैरनार साक्षीदार झाले. नाव ठेवलं 'खैरनार ओझर'. देवघराशेजारच्या कपाटात मशीन बसलं. त्याच्या घूंघूं आवाजाला काकू वैतागायच्या. "हाई मनी सवत शे," असं मला अहिराणीत सांगायच्या आणि वर त्याच सवतीला धूळ लागू नये म्हणून जुन्या लुगड्याचं झाकण शिवून द्यायच्या. काकांनी कारखान्यासारखी वही घातली. प्रत्येक बदलाला एक पान, पानाला दोन रकाने. करणारी मी, तपासणारे ते. कारखान्यातले जुने सहकारी महेश पगार यांनी आपली नाणी काकांच्या मागे ठेवली. त्यांचं पाहून आणखी दहा जणांनी ठेवली, सगळे ओझरचे निवृत्त. त्यातल्या निम्म्यांना वही, पान, साक्षीदार काही कळत नव्हतं. गेणूभाऊंचा शिक्का आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

साडेतीन वर्षं एकही पान चुकलं नाही. दिवे जातात, नेट जातं, म्हणून काकांनी दुसरं मशीनही ठेवलं होतं. विमानात महत्त्वाची गोष्ट एकटी नसते, असं त्यांचं म्हणणं. ते नामपूरला धाकट्या भावाकडे होतं. काळूकाकांची तिथे कांद्याची अडत आहे आणि दुकानात दोन इन्व्हर्टर आहेत. त्या मशीनला एकच काम शिकवलेलं. वही पाहत बसायचं, आणि दहा मिनिटं इंदिरानगरच्या मशीनचा शिक्का दिसला नाही तर ते बंद पडलं असं समजून आपण शिक्का मारायला लागायचं. बिचारं साडेतीन वर्षांत चार वेळा कामाला आलं.

गेल्या वर्षी त्या चलनाच्या लोकांत भांडण लागलं. प्रोग्राम बदलून नियम नवे करायचे, असं बहुतेकांचं म्हणणं. काही हट्टी लोक म्हणाले, आम्ही जुन्याच नियमांनी चालणार. कुणी कुणाला अडवू शकत नाही, कारण मालक कुणीच नाही. मग ठरलं की अमुक क्रमांकाच्या पानापासून नवा प्रोग्राम लागू. म्हणजे त्या पानापर्यंत वही एक. तिथून पुढे ज्यांनी प्रोग्राम बदलला त्यांची एक वही आणि ज्यांनी बदलला नाही त्यांची दुसरी. पानांचे क्रमांक तेच, मजकूर वेगळा.

मी हे सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि नामपूर?" म्हणाले.

खरं सांगते, मला तोवर नामपूर सुचलंच नव्हतं. इंदिरानगरचं मशीन नव्या वहीत गेलं की जुनी वही पाहत बसलेल्या नामपूरच्या मशीनला त्याचा शिक्का दिसेनासा होणार. त्याला वाटणार, मोठा भाऊ गेला. ते इमानाने उठून जुन्या वहीत शिक्का मारणार. एकाच क्रमांकाच्या पानावर, दोन वह्यांत, गेणू खैरनारांचा शिक्का.

काकांनी सात पायऱ्यांचा कागद केला. तिसरी पायरी त्यांनी लाल शाईने लिहिली होती. 'काळूला फोन. नामपूरच्या मशीनचा प्लग काढला, हे त्याच्या तोंडून ऐकणे.' चौथी पायरी, मग इथला प्रोग्राम बदलणे. मी म्हटलं, काका, मी इथून दुरूनच ते बंद करायची सोय करते की. ते म्हणाले, "दुरून बंद केलेलं बंद नसतं. प्लग काढून हातात धरला की बंद."

ते पान गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास येणार होतं. आणि त्याआधीच्या रविवारी काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याचं व्हायचं होतं, त्याने त्यांना अंधुक दिसायचं. डॉक्टरांनी आठ दिवस स्क्रीन बघायची नाही, वाकायचं नाही, असं बजावलं होतं. काळा चष्मा घालून ते पलंगावर बसून होते आणि काकू दर दोन तासांनी डोळ्यात थेंब टाकत होत्या. "या खेपेला पाहायचंही तुलाच," काका मला म्हणाले. "मी फोनवर विचारीन, तू पाहून सांग. मग मी सही करीन."

चौतीस वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं. माझ्यासाठी केलं.

गुरुवारी माझ्या मामेबहिणीचं, पल्लवीचं, डोहाळजेवण होतं. गंगापूर रोडच्या हॉलमध्ये. चारला निघून साडेचारला काकांकडे, असा माझा हिशेब. पण पानं नेहमीपेक्षा भराभर पडत गेली आणि सव्वातीनलाच फोनवर सूचना आली की पंधरा मिनिटं उरलीत. मी तेव्हा फुलांच्या झोपाळ्यापाशी उभी होते. पल्लवीला हिरवी साडी नेसवून बसवलेली, मावश्या ओटी भरत होत्या आणि फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं.

मी बाजूला जाऊन काळूकाकांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. कांद्याचा लिलाव चालू होता, ते त्या गोंगाटात असणार. परत लावला. पुन्हा रिंग. मग मी आवाजी मेसेज पाठवला, "काळूकाका, मशीनचा प्लग काढा, लगेच," आणि तो पोचला एवढं पाहिलं. ऐकलाय का ते पाहिलं नाही. तिकडून मामी ओरडली, "योगिनी, अगं फोटो!" मी चौथी पायरी उरकली. इंदिरानगरचं मशीन माझ्या फोनवरून नव्या प्रोग्रामवर घातलं. अडीच मिनिटं लागली. छान झालं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात काकांचा फोन आला.

"योगिनी, झालं का?"

"झालं काका. मशीन नव्या वहीत मस्त चाललंय."

"नामपूर?"

"बंद केलं."

"पाहिलं का? काळूच्या तोंडून ऐकलं?"

"हो, ऐकलं."

मी खोटं बोलले. ठरवून नाही बोलले. तोंडातून सहज निघालं, दूध उकळलं म्हणावं तसं. मला वाटलं, पाच मिनिटांत काळूकाका मेसेज ऐकतीलच, मग ते खरंच होईल. थोडं आधी सांगितलं, इतकंच.

काका म्हणाले, "बरं. तरी मी एक फोन लावतो काळूला."

आणि मग मी जे बोलले ते मला आठ महिने रोज आठवलंय. मी म्हटलं, "काका, मी सांगतेय ना! लिलावात असतील ते, कशाला त्रास देता? तुमचा माझ्यावर विश्वासच नाही का?" आवाज चढवून म्हटलं. लाडाने रुसल्यासारखंही केलं थोडं. खोटं उघडं पडेल या भीतीने मी त्या माणसाचा विश्वास त्याच्याच तोंडावर मारला.

"तसं नाय पोरी," काका ओशाळून म्हणाले. "मग करतो सही."

पावणेचारला नामपूरचं मशीन उठलं आणि कामाला लागलं. काळूकाकांनी मेसेज ऐकला तो लिलाव संपल्यावर, साडेचारला. तोवर पाऊण तास गेणू खैरनारांचा शिक्का दोन्ही वह्यांवर पडत होता. दोन्ही वह्यांची तीच पानं शेजारी ठेवून कुणीही पुरावा देऊ शकतं, आणि अशा पुराव्याची वाट बघत बसणारे लोक असतातच. कुणीतरी तो साडेचारच्या सुमारास दिला.

मी हॉलमधून निघून काकांच्या घरी पोचले तेव्हा पाच वाजत होते. फोन सारखा वाजत होता आणि काकांना त्यावरचं काही वाचता येत नव्हतं. काकू दारातच म्हणाल्या, "काय व्हयनं व माय? फोन थांबी नही ऱ्हायना." काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "वाच," म्हणाले.

मला वाचावं लागलं. 'साक्षीदार खैरनार ओझर. एकाच क्रमांकाच्या पानांवर दुहेरी शिक्का. अनामतीतून शंभरात पाच कपात. कायमचे बाद.' इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगितलं. कायमचे बाद हे शब्द मी हळू आवाजात म्हणाले तर काका म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी मोठ्याने वाचलं. काळ्या चष्म्यामागे डोळे दिसत नव्हते. उजवा हात तेवढा मांडीवरून उचलून त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला.

"दुसरा शिक्का नामपूरचा?"

"हो."

"काळूनं प्लग परत लावला असंल."

माझ्यापुढे दार उघडं होतं. 'नाही काका, त्यांनी काढलाच नव्हता, मी खोटं बोलले,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "असेल."

एका शब्दात मी काळूकाकांच्या माथी मारून मोकळी झाले. ते तिकडे नामपूरला कांद्याच्या गोण्या मोजत असतील, त्यांना पत्ताही नाही.

"असू दे," काका म्हणाले. "त्याला मधी आणायचं नाय. तो काय यातला नाय. लिही." आणि त्यांनी साक्षीदारांच्या गटावर पाठवायचा मजकूर मला सांगितला. 'दोन्ही मशीन माझी. तपासणारा मी होतो. न पाहता सही केली. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. माझ्या मागे नाणी ठेवणाऱ्या सगळ्यांची माफी मागतो.' माझी चूक मी माझ्याच बोटांनी त्यांच्या नावावर टाइप केली. इंग्रजी करताना एक शब्द अडला, तर तोही मी नीट शोधून घातला. अशा वेळी सुचतं बघा सगळं.

दुसऱ्या दिवशी महेश पगार आले. साठीपुढचा, शांत माणूस. नुकसान फार नव्हतं, आणि त्याबद्दल ते बोललेही नाहीत. चहा घेतला, डोळ्याची चौकशी केली आणि उठताना म्हणाले, "गेणूभाऊ, बत्तीस वर्षांत तुमच्या शिक्क्यावर मी दुसऱ्यांदा नजर टाकली नव्हती." बस, एवढंच. चपला घालून गेले. काकांनी मान हलवली. मी स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन उभी होते, त्या मी ओट्यावर ठेवल्या.

काकांचा डोळा बरा झाला, पुढे दुसऱ्याचंही ऑपरेशन झालं. आता त्यांना लख्ख दिसतं. पण काका पाहीनासे झाले. हे माझ्या आधी लक्षात आलं नाही, मग एकदम आलं. दुधाची पिशवी येते आणि ते ती तशीच काकूंच्या हातात देतात. गॅस येतो, ते पेपर वाचत बसतात. दिवाळीआधी टाकी धुतली तेव्हा शिडी लावलेली होती आणि काका खाली खुर्चीत बसले होते. सोसायटीच्या सेक्रेटरीने, मनीषाताईंनी, विचारलं, "काका, एकदा बघून घेता का?" काका म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगा. माझी सही आता चालत नाय." मनीषाताई हसल्या, त्यांना तो विनोद वाटला. मी घरात येऊन बाथरूमचं दार लावून रडले.

मला वाटलं होतं, मी त्यांची थोडी नाणी घालवली. मी त्यांच्यातला माणूसच घालवला होता. आणि तरीही बोलायची हिंमत होईना. आज सांगू, उद्या सांगू, संक्रांत होऊ दे, महिना उलटू दे. प्रत्येक उशिराबरोबर सांगण्यासारखं आणखी एक पाप वाढत होतं. ते माझ्याशी वागत होते पूर्वीसारखेच. तेच सोसवत नव्हतं.

मग गेल्या महिन्यात काळूकाका आले. कांद्याची एक गोणी काकांकडे, एक आमच्याकडे. मी गोणी आत घ्यायला मदत करत होते. सहज गप्पा मारता मारता म्हणाले, "तुझा त्या दिवसाचा मेसेज मला पार साडेचारला ऐकू आला बघ. लिलावात काय ऐकू येतं? प्लग काढला आन् मग दादाले फोन करी सांगं, साडेचारला काढला म्हणून."

"कधी सांगितलं?" मी विचारलं.

"त्याच संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर."

म्हणजे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. महेश पगार येऊन ते वाक्य बोलले तेव्हा माहीत होतं. मी दारात कपबशा घेऊन उभी होते तेव्हा माहीत होतं. आठ महिने त्यांनी मला चहा पाजला, आणि रोज वाट पाहिली असणार.

मी लगेच काकांकडे गेले नाही. आधी घरी बसून अकरा फोन केले. महेश पगारांना पहिला. प्रत्येकाला तेच सांगितलं. खैरनारकाकांनी विचारलं होतं, मी खोटं सांगितलं, ते भावाला फोन लावत होते, मी लावू दिला नाही. काहींनी 'असू दे बेटा' म्हटलं. एकाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. महेश पगार म्हणाले, "हे गेणूभाऊला सांगितलंस का?" मी म्हटलं, आता जातेय. साक्षीदारांच्या गटावरही लिहिलं. त्याने काही बदललं नाही. त्या वहीत लिहिलेलं पुसत नाहीत, काकांचं नाव बाद ते बादच.

काका ओसरीवर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, 'असेल' सकट. ते ऐकत होते. माझं संपल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ते आत गेले आणि ती वही घेऊन आले. त्या गुरुवारचं पान उघडलं. सात पायऱ्या, पुढे दोन रकाने. 'तपासणारा' खाली सातही ठिकाणी त्यांची सही होती, काळ्या चष्म्यातून केलेली, वेडीवाकडी. 'करणारा' खाली सहा ठिकाणी त्यांनी माझं नाव लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या पायरीपुढे जागा कोरी होती.

"तो रकाना तुझा," काका म्हणाले. "मी कसा भरू?"

मी पेन घेतलं. तिसऱ्या पायरीपुढे लिहिलं, 'केले नाही. केले असे खोटे सांगितले.' खाली सही केली आणि त्या गुरुवारची तारीख घालायला लागले, तर त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"आजची टाक. मागची तारीख टाकत नसतात."

मी आजची तारीख टाकली. आठ महिने त्या पानावर स्वच्छ दिसले. मग मी सांगितलं की अकराही जणांना फोन करून मी खरं काय ते सांगितलं आहे, आज दुपारीच.

काकांनी चष्मा पुसून डोळ्याला लावला. माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी टाकीवर, सिलिंडरवर, वायरीवर पाहिली होती. माझ्यावर कधी पडली नव्हती.

"तू सांगितलं म्हणते, ते बराबर असंल," ते म्हणाले. "पण मी अजून ऐकलं नाय."

आणि त्यांनी फोन उचलला. मी आवाज चढवला नाही, रुसले नाही. महेश पगारांनी फोन घेतला, तसा काकांनी स्पीकर लावून तो वहीशेजारी ठेवला. "महेश, योगिनीनं तुला आज काय सांगितलं, ते मला तुझ्या तोंडून सांग." पगार सांगू लागले. मी केलेलं सगळं, माझ्याच शब्दांत, दुसऱ्याच्या आवाजात मी काकांसमोर उभी राहून ऐकलं. मध्ये एका ठिकाणी पगार स्वतःचंच बोलू लागले. "गेणूभाऊ, मी त्या दिवशी तुम्हाला बोलायला नको होतं," असं ते म्हणाले. काका म्हणाले, "ते नंतर. पुढं सांग."

ऐकून झाल्यावर काकांनी वहीच्या कडेला एक बारीक खूण केली.

"एक झाला," ते म्हणाले. "पुढचा नंबर सांग."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पुढचा नंबर सांगितला.